टर्बो गाडीत पेट्रोल कुठलं: साधं, ९५ की १००? (इंदूर)

निमाडचा_जावई
मंडळी, विषय जुनाच आहे. पण जितक्या जणांना विचारावं तितकी उत्तरं मिळतात, म्हणून सरळ धागाच काढतो.

गाडी २०१८ची ऑक्टाव्हिया आरएस. २.० टीएसआय (टर्बो पेट्रोल), २३० पीएस, डीएसजी म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. रिमॅप (इंजिनाच्या संगणकाचं प्रोग्रॅम बदलून ताकद वाढवणं) वगैरे काही नाही, कंपनीतून निघाली तशीच आहे. सेकंडहँड घेतली. आधीचे मालक म्हणाले, "मी १०० ऑक्टेनखेरीज थेंब घातला नाही." माझं रोजचं चालवणं राजेंद्र नगर ते विजय नगर आणि परत, म्हणजे निम्मा वेळ सिग्नलवर. अधूनमधून ए.बी. रोडने खाली बडवानीला, सासरी.

झाकणाच्या आतल्या स्टिकरवर किमान ९५ लिहिलंय. पंपावरचा मुलगा म्हणतो, "सर, टर्बो है, हंड्रेड ही डलवाओ." गॅरेजवाला म्हणतो, "सब एक ही टँकर से आता है." दोघंही छातीठोक.

तक्रार म्हणाल तर एकच. भर मे महिन्यात, दुपारी, धामनोदकडून गणपती घाट चढताना, चार माणसं आणि एसी चालू असताना गाडी दबल्यासारखी वाटते. आवाज नाही, दिवा लागत नाही. वर मानपूरला आलं, जरा ऊन उतरलं की पुन्हा खुशीत. हे पेट्रोलचं आहे का? असेल तर घालू काय?

सराफा_रात्री_बारा
भिया, जागा धरून ठेवतो. टर्बोपंत येईपर्यंत पोहे होतील.

टर्बोपंत
आलो. पोहे राहू द्या, शेव तेवढी जास्त घाला.

ऑक्टेनचा आकडा सांगतो की पेट्रोल दाब आणि उष्णता कितपत सोसतं, आपणहून पेट न घेता. आयसो-ऑक्टेनला १०० धरलंय, एन-हेप्टेनला ०. आपलं पेट्रोल चाचणीच्या इंजिनात या दोघांच्या कुठल्या मिश्रणासारखं वागतं, तो त्याचा आकडा. जळल्यावर ते किती ताकद देईल, हे त्या आकड्यात नसतं.

स्पार्क पडला, ज्योत पसरायला लागली, आणि ती पोचायच्या आतच कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण दाबाने एकदम उडालं, की झालं नॉकिंग. टर्बोत हवा आधीच दाबून आणि तापून आत येते, त्यामुळे ही शक्यता साध्या इंजिनापेक्षा जास्त. म्हणून इंजिनाच्या ब्लॉकवर नॉक सेन्सर असतो. त्याने खटका टिपला की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, त्या सिलिंडरचं टायमिंग (स्पार्क पाडायची वेळ) काही अंश मागे घेतो आणि मग हळूहळू पुढे आणून बघतो. टाकीत ९५ आहे की १००, हे त्याला ठाऊक नसतं. नॉक होतंय की नाही एवढंच त्याला कळतं.

त्यामुळे ९५वर जुळवलेल्या इंजिनात ९१ घातलंत, तर टायमिंग मागे, बूस्ट (टर्बोचा दाब) कमी, एक्झॉस्ट तापलं म्हणून मिश्रण घट्ट (पेट्रोल जास्त), ॲव्हरेज खाली. इंजिन लगेच फुटत नाही, पण २३० पीएस कागदावर राहतात. उलट ९५वरच टायमिंग हवं तिथपर्यंत पोचत असेल, तर १०० घालून त्याच्या पुढे जायला मॅपमध्ये, म्हणजे ईसीयूतल्या प्रोग्रॅममध्ये, जागाच नसते. पैसे टाकीत गेले, चाकापर्यंत आले नाहीत.

घाटाचं निराळं आहे, त्यावर रात्री लिहितो.

न्यूजर्सी_व्हाया_महू
मी इथे माझ्या जर्मन टर्बोत ९३ भरतो, ते इथलं सगळ्यात महाग पेट्रोल. स्टिकरवर ९१ किमान आहे. तुम्ही १००च्या गप्पा मारताय! एवढं कशाला लागतं भारतात?

टर्बोपंत
तुमच्याकडच्या पंपावरचा आकडा वेगळा मोजलेला असतो. ऑक्टेन मोजायच्या दोन पद्धती आहेत, रॉन आणि मॉन. मॉनची चाचणी जास्त कडक, इंजिन जास्त फेऱ्यांवर आणि मिश्रण तापवून घेतात, म्हणून आकडा कमी येतो. अमेरिकेत दोन्हींची सरासरी पंपावर छापतात, आपण आणि युरोपवाले नुसता रॉन छापतो. ढोबळ हिशेबाने तुमचं ८७ म्हणजे आमचं ९१, तुमचं ९१ म्हणजे आमचं ९५-९६, तुमचं ९३ म्हणजे आमचं ९८. तुमचा आणि जावईबापूंचा स्टिकर जवळपास एकच गोष्ट सांगतोय.

हे ज्यांना माहीत नाही ते अमेरिकन व्हिडिओ बघून इथे ९१वर खूश होतात. असे मी बरेच पाहिलेत.

न्यूजर्सी_व्हाया_महू
हे छान कळलं. धन्यवाद, पंत.

भूगोलाचे_मास्तर
एक मुद्दा राहिला. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे. उंचीवर हवा विरळ, सिलिंडरमध्ये दाब कमी, म्हणून नॉकिंगही कमी. अमेरिकेत कोलोरॅडोसारख्या डोंगराळ भागात तर ८५ ऑक्टेन विकतात. मग आपल्याला थोडं कमी ऑक्टेन चालायला हवं, नाही का?

टर्बोपंत
मास्तर, साध्या इंजिनाला हे लागू पडतं, टर्बोला नाही. टर्बो गाडीचा ईसीयू इनटेकमध्ये ठरावीक दाब मागतो. बाहेरची हवा विरळ असली की टर्बाइन जास्त फिरवून तोच दाब गाठतो. जास्त दाबायचं म्हणजे जास्त तापवायचं. सिलिंडरमधला दाब समुद्रसपाटीवर असतो तेवढाच, हवा मात्र जास्त गरम. त्यामुळे उंचीची सवलत टर्बोवाल्याने धरू नये. तुमचं ८५ही कार्ब्युरेटरच्या जमान्यातून चालत आलेलं आहे.

हिशेबनीस
सगळं ठीक. पण मूळ प्रश्नात एक गोम आहे, ती कुणी काढली नाही.

जावईबापू "साधं की ९५" विचारतायत. आज पंपावरचं साधं म्हणजे इ-२०, वीस टक्के इथेनॉलवालं. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५मध्ये जो खुलासा केला, त्यात लिहिलंय की पूर्वी आपलं साधं पेट्रोल ८८ रॉनचं होतं, बीएस-६साठी ते ९१ झालं आणि २० टक्के इथेनॉलमुळे आता ९५ आहे. इथेनॉलचा स्वतःचा रॉन १०८च्या घरात, त्यामुळे आकडा चढणारच.

म्हणजे स्टिकरवरचं "किमान ९५" साध्या पेट्रोलनेच भागतं. मग ९५ची जास्तीची किंमत कशाची? ऑक्टेनची तर नाही. उरली साफसफाईची औषधं, म्हणजे डिटर्जंट ॲडिटिव्ह. ती हवी असतील तर जरूर घ्या, पण "टर्बोसाठी जास्त ऑक्टेन घेतलं" असं समाधान मानू नका. कित्येक वर्षं "प्रीमियम" नावाने जे विकलं जायचं तेही ऑक्टेनला ९१च होतं, औषध तेवढं जास्त. नाव आणि आकडा यांचा संबंध आपल्याकडे नेहमीच सैल राहिला आहे.

क्लचवाली
+१. औषधाबद्दल एक भर. डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, इनटेक व्हॉल्व्हवरून वाहत नाही. म्हणजे औषध इंजेक्टर साफ ठेवील, पण व्हॉल्व्हच्या पाठीवर जमणाऱ्या कार्बनला ते शिवतसुद्धा नाही. २०१८ची गाडी आहे, किलोमीटर बरेच झाले असतील तर एकदा कॅमेरा आत घालून बघायला सांगा. दबल्यासारखी वाटण्याचं ते एक कारण असू शकतं.

आता दुसरी बाजू. हिशेबनीस, तुमचा हिशेब ऑक्टेनपुरता बरोबर आहे. पण गाडी २०१८ची. तेव्हाच्या गाड्या इ-१० धरून बनलेल्या. रबरी नळ्या, सील, पंप हे इ-२०चे म्हणून बनवायला आपल्याकडे २०२३पासून सुरुवात झाली. शिवाय इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांशच. शुद्ध पेट्रोलच्या मानाने इ-२०त सहा-सात टक्के ऊर्जा कमी भरते. ईसीयू ऑक्सिजन सेन्सरवरून ओळखतो आणि इंधन वाढवून देतो, म्हणून आपल्याला फक्त ॲव्हरेज घसरलेलं दिसतं.

इंडियन ऑइलच्या एक्सपी १००मध्ये इथेनॉल नसतं. माझ्या मते जुन्या टर्बोवाल्याने १००चा विचार करायचा तर त्या कारणासाठी. आकड्यावर जाऊ नये.

सराफा_रात्री_बारा
म्हणजे प्रश्न ऑक्टेनचा, उत्तर इथेनॉलचं. पोहे संपले, आता गराडू आणतो.

टर्बोपंत
क्लचवाली यांच्याशी बराच सहमत, पण इथेनॉलला नुसतं खलनायक करू नका. इंजिनाच्या नजरेने बघा. इथेनॉलला वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते, आणि डायरेक्ट इंजेक्शनमध्ये ती उष्णता सिलिंडरमधल्या हवेतूनच ओढली जाते. हवा गार, नॉकिंग मागे. मे महिन्यातल्या टर्बोला हे वरदान आहे. परदेशात रिमॅपवाले इ-८५च्या (८५ टक्के इथेनॉल) मागे उगीच लागत नाहीत.

नळ्या-सीलची काळजी खरी आहे. ॲव्हरेजची कुरकुरही खरी. पण "इ-२०ने टर्बोची ताकद गेली" हे जे व्हॉट्सॲपवर फिरतं, त्याला माझा आक्षेप आहे.

पंपावरचा
आमच्या घरचाच पंप आहे. कुठला ते विचारू नका, नाहीतर उद्या सगळे भेसळ तपासायचा फिल्टर पेपर मागायला याल. (तसा तो तुमचा हक्क आहे.)

"सब एक ही टँकर से" हे अर्धं खरं. मूळ पेट्रोल एकाच डेपोतून येतं, पण १००ची टाकी, पाइप, नोझल सगळं वेगळं. टँकर आला की आम्ही नमुना काढतो, उभ्या काचेच्या जारमध्ये हायड्रोमीटर सोडतो, तापमान बघतो, तक्त्यावरून १५ अंशांची घनता काढतो आणि चलनावरच्या आकड्याशी जुळवतो. ३ पेक्षा जास्त फरक पडला तर माल खाली करत नाही. पण नीट ऐका, घनतेवरून ऑक्टेन कळत नाही. ऑक्टेनसाठी चाचणीचं इंजिनच लागतं. घनता पाहून "इथलं ऑक्टेन चांगलं आहे" म्हणणारे ग्राहक येतात, आम्ही मान डोलावतो.

बघायचं ते पाणी. इ-२०मध्ये पावसाचं पाणी शिरलं की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर तळाशी जातं. वर जे पेट्रोल उरतं त्याचं ऑक्टेन इथेनॉल गेल्यामुळे उतरलेलं असतं. म्हणजे पंपावर बोर्ड ९५चा आणि गाडीत त्याहून कमी. पावसाळ्यात आम्ही रोज सकाळी डिप रॉडच्या टोकाला पेस्ट लावून टाकीत सोडतो, पेस्टचा रंग बदलला की विक्री बंद. सगळेच हे मनापासून करतात असं मी म्हणणार नाही. जिथे गर्दी असते, माल रोज उपसला जातो, तिथे भरा. टर्बोवाल्यांना माझा सल्ला एवढाच. १००चंही तसंच, दिवसाला दोन गाड्या येणाऱ्या पंपावरचं महाग पेट्रोल म्हणजे ताजं पेट्रोल असं समजू नका.

निमाडचा_जावई
हे वाचून पंप तर बदलतोच. पण घाटाचं काय, पंत? रात्र झाली.

टर्बोपंत
हो. तुमच्या वर्णनात तीन गोष्टी एकत्र आहेत: बेचाळीसच्या आसपास तापमान, लांब चढ आणि डीएसजी 'डी'मध्ये.

पहिली, उष्णता. टर्बोतून आलेली गरम हवा निववणारा इंटरकूलरही बाहेरच्या हवेनेच गार होतो. निमाडातली दुपारची हवा, पुढे ट्रकांची रांग, वेग चाळीस, म्हणजे त्यावरून वाराच नाही. इनटेकची हवा तापते, नॉकिंगची सीमा जवळ येते, ईसीयू टायमिंग मागे घेतो. बूस्टही आवरतो. ही तुमची "दबलेली" गाडी. वर आल्यावर हवा गार, वेग वाढला, सगळं पूर्ववत. यात बिघाड काहीच नाही.

म्हणजे १०० इथे उपयोगी पडेल का? थोडं, हो. वर मी म्हटलं की जागा नसेल तर १०० वाया. पण भर उन्हात ९५वर जे टायमिंग काढून घेतलं जातं, तेवढं १०० परत देऊ शकतं. त्याच्या वर नाही. शहरात, सिग्नलवर, डिसेंबरात: शून्य फायदा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. 'डी'मध्ये डीएसजी लवकर वरचा गिअर धरतो. चढावर १५०० फेऱ्यांवर पाचव्यात तुम्ही पाय दाबलात की टर्बो भरपूर बूस्ट देतो आणि इंजिन हळू फिरतंय. तिथे एक वेगळा प्रकार होतो, स्पार्कच्या आधीच मिश्रण पेटणं, इंग्रजी आद्याक्षरांनी त्याला एलएसपीआय म्हणतात. सिलिंडरच्या भिंतीवरचा तेलाचा थेंब किंवा कार्बनचा कण हे त्याचं निमित्त. याला ऑक्टेनचं औषध फारसं लागू पडत नाही. टायमिंग मागे घेऊनही ते थांबत नाही, कारण स्पार्कची वाटच कोण बघतंय? पिस्टन तुटायचे ते यानेच तुटतात.

उपाय स्वस्त आहेत. घाटात 'एस' किंवा मॅन्युअल, तिसरा-चौथा गिअर, फेऱ्या अडीच-तीन हजार. इंजिन ऑइल फोक्सवॅगनच्या ५०२ किंवा ५०४ मंजुरीचं, आणि त्यावर एपीआय एसपी असेल तर उत्तम. एसपी हा दर्जा २०२०मध्ये आला आणि त्यात एलएसपीआयची चाचणी आहे. १००च्या एका टाकीच्या जादा पैशात हे ऑइल बऱ्यापैकी येईल.

हिशेबनीस
एक्सपी १०० डिसेंबर २०२०मध्ये आलं तेव्हा दिल्लीत १६० रुपये लिटर होतं. आज आपल्याकडे साध्यापेक्षा लिटरमागे पन्नासेक रुपये जास्त धरून चाला. आरएसची टाकी पन्नास लिटरची. एका टाकीला अडीच हजार. महिन्याला तीन टाक्या असतील तर वर्षाला नव्वद हजार. यात नवे प्लग, ऑइल, व्हॉल्व्हची सफाई सगळं होऊन बायकोला साडी येते.

क्लचवाली
बायकोच गाडी चालवत असेल तर टायर येतात.

पिथमपूर_शिफ्ट
नॅट्रॅक्स या गाड्यांच्या चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा ट्रॅक आमच्या दाराशी आहे, तर तिथल्या दृष्टीने सांगतो. सलग मिनिट-दोन मिनिटं पूर्ण थ्रॉटल, हे रस्त्यावर कधी होत नाही. तिथे उष्णता साठत जाते आणि चांगलं पेट्रोल खरंच कमाई करतं. जावईबापूंचा राजेंद्र नगर-विजय नगर मार्ग त्यात बसत नाही. शहरातल्या गर्दीत १०० ऑक्टेन म्हणजे निव्वळ भूषण.

नवा_पोलो_वाला
मध्येच विचारतो. ऑक्टेन बूस्टरची बाटली घातली तर? एकावर "३० पॉइंट वाढ" लिहिलंय. ९५ + ३० = १२५??

टर्बोपंत
पॉइंट म्हणजे दशांश. ३० पॉइंट म्हणजे ३. तेही बाटलीवाल्याने ज्या मूळ पेट्रोलवर मोजलं त्यावर. आधीच चांगलं असेल तर त्याहून कमी. बऱ्याच बाटल्यांत मँगेनीजचं संयुग असतं, त्याने प्लगवर तांबूस थर बसतो. पैसे घालवायचेच असतील तर निम्मं १०० मिसळा. ९५ आणि १०० अर्धं-अर्धं म्हणजे साडेसत्त्याण्णवच्या आसपास, आणि इथेनॉलही वीसवरून दहा टक्क्यांवर येतं, जे तुमच्या पोलोला मानवणारं आहे.

निमाडचा_जावई
हे मिसळण्याचं मला पटलं. पण नुसत्या वाटण्यावर जायचं नाहीये. मोजता येईल का?

क्लचवाली
येईल. गाडीच्या संगणकातली माहिती वाचणारी व्हीसीडीएसची केबल किंवा ओबीडीइलेव्हन, दोन्हींत प्रत्येक सिलिंडरचं टायमिंग किती मागे घेतलंय ते दिसतं. सोबत इनटेकचं तापमान आणि बूस्टही नोंदवा. मोकळा, सुरक्षित रस्ता बघा, बायपासवर पहाटे. तिसरा गिअर मॅन्युअलमध्ये, दोन हजारपासून पाच-साडेपाच हजारांपर्यंत पूर्ण थ्रॉटल. शेजारी कुणीतरी लॅपटॉप धरून बसवा, स्वतः बघू नका.

वाचायचं असं: एखाद्या सिलिंडरला एक-दोन अंश, तेही येऊन-जाऊन, तर काही नाही. सगळ्या सिलिंडरला एकसारखं मागे घेतलं जातंय आणि इनटेक तापलंय, तर उष्णता किंवा इंधन. एकाच सिलिंडरला सतत, बाकीचे ठीक, तर तो प्लग, कॉइल किंवा कार्बन, पेट्रोलला दोष देऊ नका. मग पंप तोच ठेवून पेट्रोल बदला, टाकी जवळजवळ रिकामी होऊ द्या आणि तशाच हवेत पुन्हा. एका दिवशी पहाटे ९५ आणि दुसऱ्या दिवशी दुपारी १००, अशी तुलना करू नका. असले आलेख टाकून भांडणारे इथे कमी नाहीत.

पिथमपूर_शिफ्ट
आणि पुढे कधी रिमॅप करायचा मोह झाला तर ट्यूनरला पहिला प्रश्न: मॅप कुठल्या पेट्रोलवर लिहिलाय? १००चा मॅप घेऊन बडवानीच्या वाटेवर टाकी संपली तर ठिकरीला १०० कोण देणार? तिथे मिळेल ते भरून सासरेबुवांना वेग दाखवायला गेलात तर ईसीयू वाचवायचा प्रयत्न करील, पण ट्यूनरने ते संरक्षण किती सैल केलंय ते तुम्हाला दिसणार नाही. आपल्याकडे ९५वर लिहिलेला मॅप घ्यावा, वीस-पंचवीस पीएस कमी मिळाले तरी.

भूगोलाचे_मास्तर
या ठिकरीच्या मुद्द्यावर शंभरपैकी शंभर.

निमाडचा_जावई
ठरवलं ते असं. रोजच्याला गर्दीच्या पंपावरचं साधं. लांब जायचं असेल आणि उन्हाळा असेल तर इथूनच अर्धी टाकी १००. घाटात 'एस'. शनिवारी गाडी सर्व्हिसला जातेय, प्लग बदलून व्हॉल्व्ह बघायला सांगतो आणि ऑइलच्या डब्यावरचा दर्जा स्वतः वाचतो. केबल कुणाकडे आहे का, राजेंद्र नगर किंवा सुदामा नगरच्या बाजूला? एका पहाटेपुरती हवी.

क्लचवाली
माझ्याकडे आहे, लोकमान्य नगर. व्यक्तिगत निरोप करा. लॅपटॉप धरायलाही मीच बसेन, तुमच्या मिसेसना विचारून.

सराफा_रात्री_बारा
डिक्कीत जागा आहे का भिया?